खाडा

माझ्याकडे दोन वह्या आहेत.
एक उधारीची, ती कुणाला दाखवत नाही.
दुसरी खाड्याची.
नवी पेठेत, शास्त्री रोडच्या मागच्या बोळात
एकशे चाळीस पोरंपोरी माझ्या हातचं जेवतात.
पुढे कलेक्टर होणार, तहसीलदार होणार,
निदान तलाठी तरी.
जो आला नाही त्याच्या नावापुढे फुली,
सलग तीन फुल्या झाल्या की पैसे वजा.
एकवीस वर्षं त्या वहीचा अर्थ
एवढाच होता.

मागच्या वर्षी महापालिकेच्या ओव्हाळ मॅडम आल्या.
मेसवाले, अभ्यासिकावाले, झेरॉक्सवाले,
कॉटबेसिसवर खोल्या देणारे,
सगळ्यांना शाळेत बसवलं,
बाकं पहिलीच्या पोरांची, गुडघे हनुवटीला.
प्रशिक्षणाचं नाव द्वारपाल.
तांबोळी म्हणाला, म्हणजे आपण जय-विजय का?
मॅडमसुद्धा हसल्या.
मग भिंतीवर देशाचा तक्ता लावला.
राज्यं, वयं, बाया, पुरुष,
आणि कारणांचे रकाने:
कौटुंबिक. आजारपण. परीक्षा. इतर. माहीत नाही.

आकडे मला कळत नाहीत असं नाही,
महिन्याचा तांदूळ मी पोत्यावर हात ठेवून सांगते.
पण तो तक्ता येईस्तोवर शिळा झालेला.
मी विचारलं, मॅडम, हा गेलेल्यांचा हिशेब.
जे अजून जेवतायत त्यांचा कुठंय?
त्या जरा थांबल्या.
म्हणाल्या, तो तुमच्याकडे आहे.

रात्री वहीची मागची पानं काढली.
नंबर सव्वीस.
फुली, फुली, फुली, फुली,
आणि शेवटी माझ्याच अक्षरात: वजा १८०.
तिचं नाव इथं लिहीत नाही.
तिच्या वडिलांना मी एकशे ऐंशी रुपये परत दिले होते.
त्यांनी ते मोजले.
पुन्हा मोजले.

आता दुसऱ्या फुलीलाच मी जिना चढते.
गुडघ्यांना शिव्या देते, पण चढते.
असाच रोहिदास गावित, धडगावचा,
दार अर्धं उघडून म्हणाला, भूक नाही काकू.
पाण्याची बाटली उन्हात तापलेली,
भिंतीवर नद्यांचा नकाशा.
शिकवलं होतं तसं सरळ विचारलं,
जीव द्यावासा वाटतो का रे?

लोकांना वाटतं, विचारलं की मनात भरतं.
भरत नाही.
ते आत असतंच, फक्त एकटं असतं.
वर्गात हजेरी देतात तसं तो म्हणाला, हो.

आईबापाचा विचार कर, हे माझ्या ओठांवर आलं होतं.
गिळलं.
खाली बसले. फरशी गार होती.
खूप वेळाने त्याने फॅन लावला, माझ्यासाठी.
मग मॅडमनी दिलेल्या नंबरावर दोघांनी फोन केला.
रात्री तांबोळीचा पोरगा त्याच्या खोलीत झोपायला गेला.
सकाळी रिक्षाने सरकारी दवाखाना,
तीन तासांची रांग, डॉक्टर एकच.
केसपेपर त्याने दोन्ही हातांत धरलेला,
हॉलतिकीट धरावं तसा.

तो पास झाला असं मी सांगणार नाही.
झाला नाही.
शहाद्याला कृषी दुकानात बसतो, गोळ्या चालू आहेत.
गुरुवारी फोन करतो. जेवलो म्हणतो.
खोटं बोलला की मला कळतं,
तसं त्याला सांगतेही.

ओव्हाळ मॅडमची बदली झाली.
नव्या साहेबांना द्वारपाल म्हणजे वॉचमन वाटले.
बोळाच्या तोंडाशी लावलेला फलक
कुणाच्या तरी क्लासच्या जाहिरातीखाली गेला होता,
तांबोळीने नखाने खरवडून नंबर तेवढा मोकळा केला.
सव्वीस नंबर काल औशाच्या मुलीला दिला.
फार तिखट खाते.

आज दुपारच्या फुल्या अकरा.
नऊ गावी गेलेत, विचारून झालं.
एक पिक्चरला.
एक राहिला.
डाळीखालचा गॅस बारीक केलाय,
माझी दुसरी चप्पल कुणी पाहिली का?